बदल कोणता आणि बिघाड कोणता

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्यानंतरचा पहिला दिवस तिच्याविषयी मत बनवायला सर्वांत गैरसोयीचा असतो आणि नेमकी त्याच दिवशी आपली मते सर्वांत ठाम होतात. यंत्र जड वाटते, पंखा कारण नसताना फिरत राहतो, अक्षरे किंचित पुसट दिसतात, सवयीचे बटण दुसऱ्याच कोपऱ्यात गेलेले असते, आणि या सगळ्यांची मिळून एकच तक्रार तयार होते की नवी प्रणाली वाईट आहे. काही वर्षे वापरलेल्या माझ्या लॅपटॉपवर मी अलीकडेच नवी आवृत्ती चढवली, तेव्हा हे वाक्य माझ्याही ओठांवर होतेच. परंतु या एका तक्रारीच्या पोटात निरनिराळ्या जातींच्या गोष्टी कोंबलेल्या असतात. त्यांतल्या काही खरोखर बिघडलेल्या असतात, काही नुसत्या बदललेल्या असतात, तर काहींचे काम अजून पुरे व्हायचे असते. त्या एकमेकींपासून सोडवून घेतल्या की प्रत्यक्ष दुरुस्ती बहुधा किरकोळ निघते; वेळ जातो तो सोडवून घेण्यातच. माझी प्रणाली कोणती आणि यंत्र कोणत्या बनावटीचे हा तपशील मी बाजूला ठेवते, कारण पुढे जे सांगायचे आहे ते थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखेच घडते.

अपग्रेड आपण हौसेने केले की नाइलाजाने केले, यावरही पहिले मत बरेच अवलंबून असते. विंडोज एक्सपीच्या सुरक्षा दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी थांबल्या आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशी तारीख उलटून गेल्यावरही संगणक आदल्या दिवशीसारखाच चालू राहतो. फक्त यापुढे सापडणाऱ्या सुरक्षेच्या भेगा कोणी बुजवणार नसते, आणि ती गोष्ट पडद्यावर कुठेही दिसत नाही. त्यामुळे काहीच बिघडलेले नसताना आपल्याला उठवले जात आहे, अशी भावना होते. त्यातच विंडोज ११ ने २०२१ मध्ये टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, संगणक सुरू होतानाच प्रणाली अस्सल आहे का ते तपासणारी सिक्युअर बूट ही सोय आणि ठरावीक पिढीनंतरचाच प्रोसेसर अशा अटी घातल्या, म्हणून उत्तम चालणारी कित्येक यंत्रे अधिकृत यादीबाहेर राहिली. नाइलाजाने आलेला माणूस नव्या जागेत दोष शोधतच येतो, आणि दोष शोधणाऱ्याला ते सापडतातही. मी स्वतः निम्मी हौसेने आणि निम्मी नाइलाजाने आले होते, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

प्रथम मंदपणाविषयी, कारण ती सर्वांत सार्वत्रिक तक्रार आहे. अपग्रेड संपले असे पडद्यावर जाहीर होते, तेव्हा ते आपल्यापुरते संपलेले असते. यंत्राचे काम पुढे कितीतरी वेळ चालू असते. फाइलींमधला मजकूर झटकन शोधता यावा म्हणून जी अनुक्रमणिका प्रणाली बाळगते, ती पुन्हा बांधावी लागते, आणि त्यासाठी असंख्य फाइली उघडून वाचाव्या लागतात. छायाचित्रांच्या संग्रहात चेहरे आणि वस्तू ओळखण्याचे काम नव्याने सुरू होते. सुरक्षा प्रोग्रॅम सगळे एकदा तपासून घेतो. अपग्रेडच्या वेळी हाती नसलेले ड्रायव्हर, म्हणजे प्रणाली आणि उपकरणे यांच्यात दुभाष्याचे काम करणारे प्रोग्रॅम, आणि दुरुस्त्या पाठीमागे उतरत असतात. ढगातल्या (क्लाउड) साठवणीशी जोडलेले फोल्डर असतील, तर तेथील प्रत्येक फाइल जागेवर आहे का याचीही पडताळणी होते. हे सारे एकाच वेळी चालू असताना आपण ब्राउझर उघडतो आणि तो उशिरा उघडला म्हणून प्रणालीला नावे ठेवतो. नव्या नंबरचा चष्मा लावून उठले की पहिले काही तास जमीन वर आल्यासारखी भासते, पायरीचा अंदाज चुकतो, आणि तरीही तेवढ्यावरून नंबर चुकला असे कोणी म्हणत नाही. मात्र आठवड्यानंतरही डोके दुखत असेल, तर नंबर खरोखरच चुकलेला असू शकतो.

म्हणून मंदपणाच्या बाबतीत पहिले काम उपाय करण्याचे नसते, तर कोण काम करत आहे ते पाहण्याचे असते. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर, मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटर आणि लिनक्सवर सिस्टीम मॉनिटर उघडून प्रोसेसरच्या रकान्याप्रमाणे यादी लावली की वरच्या दोन-चार नावांतच उत्तर असते. तिथे सर्च इंडेक्सर किंवा मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर, अथवा मॅकवर एमडीवर्कर, अशी नावे दिसली तर यंत्राला विजेला जोडून, जागे ठेवून रात्रभर सोडून द्यावे, यापलीकडे करण्यासारखे काही नसते. मी तेच केले आणि पंख्याची तक्रार मिटली. पण त्याच यादीत जुना, कधीकाळी घातलेला आणि नव्या आवृत्तीशी न जुळणारा एखादा प्रोग्रॅम सतत वर दिसत असेल, तर ते काम संपण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. तो बिघाडच आहे. स्मृतीच्या, म्हणजे रॅमच्या, रकान्याने मात्र घाबरून जाऊ नये. आजच्या प्रणाली रिकामी रॅम तशीच पडू देत नाहीत. नुकत्याच वाचलेल्या फाइली त्यात राखून ठेवतात आणि एखाद्या प्रोग्रॅमला जागा लागली की ती तत्काळ सोडून देतात, त्यामुळे वापरात दिसणारी रॅम पूर्वीपेक्षा वाढलेली असली तरी यंत्र त्यामुळेच मंद झाले असे ठरत नाही.

बदललेल्या गोष्टींची कथा निराळी आहे, कारण तिथे प्रणाली नवीन असते आणि हात जुने असतात. २०११ मध्ये मॅकच्या लायन या आवृत्तीने ट्रॅकपॅडवर बोटे सरकवण्याची दिशाच उलटी केली. बोटे वर नेली की पानही वर जावे, फोनवर जाते तसे, असा त्यामागचा विचार होता. अनेकांना तो सुरुवातीला असह्य झाला, पुष्कळांनी सेटिंगमध्ये जाऊन जुनी दिशा परत आणली, आणि ज्यांनी आणली नाही त्यांना आज जुनी दिशा उलटी वाटते. उलटपक्षी २०१२ मध्ये विंडोज ८ ने स्टार्ट बटण काढून टाकले, तेव्हाही लोकांना सवय होईल असेच सांगितले गेले. ती झाली नाही, आणि २०१३ च्या विंडोज ८.१ मध्ये ते बटण परत आले. म्हणजे बदलाविषयीची प्रत्येक कुरकुर केवळ सवयीपोटी असते असे मानणे हा निर्मात्यांना सोयीचा समज आहे. काही बदल खरोखर चुकीचे असतात. अडचण इतकीच आहे की पहिल्या दिवशी या दोन्ही प्रकारांचा त्रास सारखाच जाणवतो.

यावर मी स्वतःपुरता एक नियम ठेवला आहे. बदललेली गोष्ट दिसली की ती लगेच पूर्ववत करायची नाही. वहीत तिची नोंद करायची आणि काही काळ तशीच वापरायची. बटणे मध्यभागी आली, सूचनांचा फलक दुसऱ्या बाजूला गेला, उजव्या क्लिकचा मेनू आखूड झाला, या नोंदी नंतर वाचताना मलाच पटेनाशा झाल्या. आखूड मेनूची नोंद मात्र टिकली. ज्या आज्ञेसाठी पूर्वी एक क्लिक पुरे होती तिच्यासाठी आता दोन लागतात, आणि मला ती आज्ञा दिवसातून कितीदातरी लागते. तिथे मी जुना मेनू परत आणणारे सेटिंग शोधले आणि मला त्यात कसलाही कमीपणा वाटला नाही. प्रणाली वापरणाऱ्याने जुळवून घ्यावे हे खरे, पण सगळे जुळवून घेणे एकाच बाजूने का व्हावे?

पुसट अक्षरांच्या तक्रारीत बदल आणि बिघाड यांची सरमिसळ फार छान पाहायला मिळते. नवी आवृत्ती बसल्यावर प्रणालीने माझा पडदा नव्याने मोजला आणि अक्षरांचे प्रमाण १२५ टक्के ठरवले. त्यामुळे प्रणालीच्या स्वतःच्या खिडक्या सुबक दिसू लागल्या. माझा जुना हिशेबाचा प्रोग्रॅम तेवढा डोळ्यांत पाणी आल्यासारखा धूसर दिसत होता. कारण सोपे आहे. विंडोजच्या काळात फार पूर्वी ठरलेले गृहीतक म्हणजे एका इंचात ९६ ठिपके. दाट ठिपक्यांच्या पडद्यांसाठी न लिहिलेला जुना प्रोग्रॅम त्याच गृहीतकावर आपले चित्र काढतो आणि प्रणाली ते तयार चित्र सव्वापट ताणून दाखवते. दुप्पट ताणले असते तर एका ठिपक्याचे चार झाले असते आणि कडा तरी सरळ राहिल्या असत्या. सव्वापटीत एका ठिपक्याला सव्वा ठिपका कुठून द्यायचा हा प्रश्न उरतो, आणि तो शेजारच्या ठिपक्यांत रंग मिसळून सोडवला जातो. डोळ्याला तीच धूसरता दिसते. याला ग्राफिक्स ड्रायव्हरचा दोष समजून तासन्‌तास ड्रायव्हर बदलत बसणारे लोक मी पाहिले आहेत. त्या एका प्रोग्रॅमच्या गुणधर्मांत जाऊन त्याला ताणू नये असे सांगितले की तो लहान पण स्वच्छ दिसू लागतो.

मराठीत लिहिणाऱ्यांनी अपग्रेडनंतर आणखी एक तपासणी करावी, कारण इतर भाषांसाठी लिहिलेल्या सूचनांमध्ये ती सापडत नाही. विंडोज २००० पासून वर्षानुवर्षे मंगल हा टंक (फॉन्ट) देवनागरीसाठी आपोआप मिळत असे. विंडोज ८ बरोबर निर्मला आला, आणि विंडोज १० पासून मंगल हा पूरक टंकांच्या गटात गेला, म्हणजे नव्याने बसवलेल्या प्रणालीत तो वेगळा मागून घ्यावा लागू शकतो. तो नसेल तर जुना दस्तऐवज उघडतो, पण दुसऱ्याच टंकात उघडतो. अक्षरांची रुंदी आणि ओळींची उंची वेगळी असल्यामुळे पाने पुढे-मागे सरकतात, तक्त्यांतील शब्द तुटतात आणि अनुक्रमणिकेतले पृष्ठांक खोटे ठरतात. मजकुराचे एक अक्षरही हरवलेले नसते, तरी सारा दस्तऐवज विस्कटल्यासारखा दिसतो. मी एक छोटी चाचणी ओळ तयार ठेवली आहे: तऱ्हा, वाऱ्यावर, दुसऱ्या, आचार्य, श्रम, क्षमा, ज्ञान. अर्ध्या र ची चंद्रकोरीसारखी आडवी रेघ आणि रफार हे दोन्ही योग्य जागी उमटले, तर टंक आणि त्यामागची अक्षरजुळणी दोन्ही ठीक आहेत असे समजायला हरकत नाही. कळफलकाचेही तसेच. अपग्रेडच्या ओघात एखादा जादा कळफलक यादीत शिरतो, मग भाषा बदलण्याची कळ दाबली की आपण इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण आराखड्याऐवजी भलत्याच आराखड्यावर पोहोचतो, आणि बोटांनी लिहिलेले डोळ्यांना ओळखू येत नाही. नको असलेला कळफलक यादीतून काढून टाकणे एवढाच त्यावर उपाय आहे.

मायक्रोफोन बंद पडल्याची तक्रारही बहुधा अशीच फसवी असते. गेल्या काही वर्षांत प्रमुख प्रणालींनी कॅमेरा, मायक्रोफोन आणि काही ठिकाणी पडद्याचे चित्रण यांसाठीही प्रोग्रॅमना परवानगी मागायला लावले आहे. मॅकवर कॅमेरा आणि मायक्रोफोनसाठी ही पद्धत २०१८ च्या मोहावी आवृत्तीपासून आहे. अपग्रेडनंतर यांतल्या काही परवानग्या पुन्हा विचारल्या जातात, आपण घाईत नाही म्हणतो किंवा तो प्रश्न दुसऱ्या खिडकीमागे दडून राहतो, आणि बैठकीत समोरच्यांना आपला आवाज जात नाही. ध्वनिमुद्रणाच्या दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये आवाज येत असेल, तर मायक्रोफोन ठीक आहे आणि दोष परवानगीचा आहे. एवढ्यावर हा विषय संपतो.

आता खऱ्या बिघाडाकडे वळते. माझ्या लॅपटॉपवर तो वायफायच्या रूपात आला, आणि तो अधूनमधून येणारा असल्यामुळे त्याने सर्वांत जास्त शिकवले. लॅपटॉप झोपेतून जागा केला की वायफाय जोडलेले आहे असे चिन्ह दिसे, पण एकही पान उघडत नसे. कधी थोड्या वेळाने आपोआप सुरू होई, कधी वायफाय बंद करून पुन्हा चालू करावे लागे, तर कधी सारे पहिल्यापासून सुरळीत असे. कायमचा बंद पडलेला भाग शोधणे सोपे असते. जो मर्जी असेल तेव्हा काम करतो, त्याच्या बाबतीत आपण केलेला प्रत्येक उपाय काही काळ यशस्वी झाल्यासारखा वाटतो.

पहिला प्रश्न हद्दीचा होता. दोष लॅपटॉपच्या आत आहे की बाहेर? त्याच क्षणी शेजारी ठेवलेला फोन त्याच जाळ्यावर व्यवस्थित चालत होता, म्हणजे राउटर आणि त्यापलीकडचे सारे निर्दोष ठरले. दुसरा प्रश्न असा की लॅपटॉपपासून निघालेला निरोप कुठपर्यंत पोहोचतो? यासाठी एखाद्या पत्त्यावर छोटा निरोप पाठवून उत्तर येते का ते पाहणारे पिंग हे साधे आणि फार जुने साधन पुरते. बाहेरच्या एखाद्या अंकी पत्त्यावरून उत्तर आले असते आणि नावाने उघडलेली पाने तेवढी अडली असती, तर नावाचे पत्त्यात रूपांतर करणाऱ्या डीएनएसकडे संशय गेला असता. पण येथे दोन हातांवर असलेल्या राउटरच्याच पत्त्यावरून उत्तर येत नव्हते. म्हणजे अडचण लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधल्या बिनतारी दुव्यात होती, आणि नेट संथ झाले की डीएनएस बदला हा जो सल्ला सर्वत्र मिळतो तो माझ्या कामाचा नव्हता.

मग अडथळ्याचा विचार केला. यूएसबी ३.० ची उपकरणे आणि त्यांच्या केबली २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे वायफायच्या एका पट्ट्यातच, रेडिओ गोंगाट निर्माण करतात, हे इंटेलने २०१२ मध्येच लेखी मांडलेले आहे, आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात चालते. माझा यूएसबी हब लॅपटॉपला चिकटूनच असतो. तो काढला, माउसचे ब्लूटूथ बंद केले, तरी फरक पडला नाही. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर नेला, तिथेही तोच प्रकार झाला. ज्या पट्ट्यावर हा गोंगाट पोहोचत नाही तिथेही दोष तसाच राहिला, म्हणजे गोंगाट निर्दोष सुटला.

उरले ते झोपेशी असलेले नाते. लॅपटॉप पुन्हा सुरू केला, म्हणजे रिस्टार्ट केला, की दोष कधीच येत नव्हता. झोपवून उठवला की येत होता. येथे एक गोष्ट मध्येच सांगावीशी वाटते, कारण ती पुष्कळांच्या निदानात घोळ घालते. विंडोज ८ पासून शटडाउन आणि रिस्टार्ट यांत फरक पडला आहे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन करताना वापरकर्त्याचे प्रोग्रॅम बंद होतात, पण प्रणालीचा गाभा (कर्नल) आणि ड्रायव्हर यांची अवस्था डिस्कवर उतरवून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलून घेतली जाते. रिस्टार्टमध्ये मात्र सगळे शून्यापासून सुरू होते. त्यामुळे रोज रात्री संगणक बंद करणाऱ्याचा ड्रायव्हरही प्रत्यक्षात कित्येक दिवस नव्याने सुरू झालेला नसतो, आणि बंद करून चालू केले तरी दोष जात नाही ही त्याची तक्रार अगदी खरी असते.

प्रणालीच्या घटनांची नोंद उघडली तेव्हा जागे होण्याच्या क्षणाजवळ वायफाय उपकरणाने ठरलेल्या वेळेत प्रतिसाद न दिल्याची ओळ सापडली. त्या नोंदवहीत भीतिदायक दिसणाऱ्या, लाल खुणांच्या ओळी निरोगी यंत्रावरही ढिगाने असतात, त्यामुळे ती वरपासून वाचत जाण्याने मनस्तापच वाढतो. दोष दिसल्याची वेळ टिपून ठेवावी आणि फक्त त्या वेळेच्या आसपासचे वाचावे. ड्रायव्हरचा तपशील पाहिला, तर अपग्रेडने लॅपटॉपच्या निर्मात्याचा ड्रायव्हर काढून त्याच्या जागी सर्वसाधारण ड्रायव्हर बसवलेला होता. निर्मात्याच्या संकेतस्थळावरून नव्या प्रणालीसाठीचा ड्रायव्हर आणून बसवला. दोष कमी झाला, गेला नाही. त्यानंतर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची प्रणालीला दिलेली मुभा काढून घेतली, आणि दोष दिसेनासा झाला.

बहुतेक लोक इथे थांबतात, आणि थांबण्यात गैर काही नाही. मला मात्र दोन बदलांपैकी कोणत्या बदलाने गुण आला ते कळले नव्हते. म्हणून नवा ड्रायव्हर तसाच ठेवून वीजबचतीची मुभा पुन्हा दिली. दोष परत आला. पुन्हा काढून घेतली, दोष गेला. उपाय केल्यावर बिघाड थांबणे हा अर्धाच पुरावा आहे. उपाय मागे घेतल्यावर बिघाड परतला तर तो पुरा होतो. अधूनमधून येणाऱ्या दोषात याला पर्याय नाही, कारण तो काही न करताही आठवडाभर गप्प बसू शकतो. बॅटरी थोडी लवकर उतरते ही या उपायाची किंमत आहे आणि ती मी चालवून घेतली आहे. पुढच्या ड्रायव्हरबरोबर ही मुभा परत देऊन पाहायची, अशी नोंद वहीत आहे.

एका वेळी एकच बदल हे सूत्र सगळ्यांना तोंडपाठ असते आणि वैतागलेल्या अवस्थेत कोणीच पाळत नाही. सल्ल्यांची यादी समोर असते, तिच्यातले पाच उपाय आपण सलग करतो, त्यांतला एक लागू पडतो आणि उरलेल्या चारांनी केलेले फेरफार यंत्रात मुक्कामाला राहतात. पुढच्या अपग्रेडला त्यांतूनच नवे दोष उगवतात, आणि तोवर ते कोणी केले हे आपण विसरलेले असतो. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांचा साठा, साफ करणारे आणि सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर ताजे करून देणारे प्रोग्रॅम तर मी यंत्राच्या आसपास येऊ देत नाही. कोणता भाग बिघडला हे न विचारता सगळेच बदलून टाकणे हाच त्यांचा व्यवसाय आहे.

ड्रायव्हरच इतके वारंवार का अडतात, याचे कारण त्यांच्या जागेत आहे. एखादा साधा प्रोग्रॅम प्रणालीने आखून दिलेल्या दारातूनच आत-बाहेर करतो, आणि ती दारे निर्माते सहसा हलवत नाहीत. ड्रायव्हरचे पुष्कळसे काम गाभ्याच्या आत चालते, आणि गाभ्याची मांडणी बदलली की त्यालाही बदलावे लागते. २००७ मध्ये सर्वांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टाने ग्राफिक्स ड्रायव्हरचा संपूर्ण साचा नवा केला, उपकरण-निर्मात्यांचे ड्रायव्हर वेळेत सुधारले नाहीत, आणि त्या आवृत्तीच्या बदनामीतला मोठा वाटा त्या कच्च्या ड्रायव्हरांचा होता. लिनक्समध्ये गाभ्याच्या मूळ संहितेबाहेर राहिलेले ड्रायव्हर प्रत्येक नव्या गाभ्यासाठी पुन्हा संकलित (कंपाइल) करावे लागतात. ते काम बहुधा आपोआप होते, आणि ज्या दिवशी होत नाही त्या दिवशी पडदा काळा राहतो.

निर्माते स्वतःही पहिल्या काही महिन्यांवर पूर्ण विश्वास ठेवत नाहीत, हे त्यांच्या वागण्यावरून दिसते. उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराची दीर्घ आधाराची २४.०४ ही आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये आली, पण आधीच्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीवरील लोकांना तिच्याकडे येण्याचे निमंत्रण ऑगस्टअखेरच्या २४.०४.१ नंतरच मिळायचे होते. ही तिथली जुनी रीत आहे. उलट ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची अद्ययावत आवृत्ती २ तारखेला खुली झाली आणि काही दिवसांतच थांबवावी लागली, कारण काही जणांच्या फाइलीच पुसल्या गेल्या होत्या. ज्यांनी आपले डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर दुसऱ्या जागी वळवले होते पण जुन्या जागीही काही फाइली राहू दिल्या होत्या, त्यांचे ते जुने फोल्डर निरुपयोगी समजून अपग्रेडने काढून टाकले. ती आवृत्ती १३ नोव्हेंबरला पुन्हा आली. चूक अगदी क्वचित घडणाऱ्या मांडणीत होती, पण आपली मांडणी क्वचितपैकी आहे हे आपल्याला आधी कसे कळावे? म्हणून यंत्रापासून वेगळ्या डिस्कवर ठेवलेली आणि उघडून पाहिलेली प्रत हाती असल्याशिवाय मी अपग्रेडचे बटण दाबत नाही. बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने डिस्क कुलूपबंद असेल, तर ४८ अंकी पुनर्प्राप्ती कळही कागदावर किंवा दुसऱ्या उपकरणावर असावी. ती नेमकी तेव्हा मागितली जाते जेव्हा संगणक उघडून ती शोधणे शक्य नसते.

परतीचा रस्ता लहान असतो हेही ध्यानात ठेवावे लागते. विंडोजमध्ये जुनी प्रणाली एका फोल्डरात राखलेली असते आणि साधारणपणे १० दिवसांनी ती सोय संपते. मॅकवर परत जायचे तर डिस्क पुसून जुनी आवृत्ती नव्याने बसवावी लागते, आणि उबुंटूमध्ये खालच्या आवृत्तीवर उतरण्याची अधिकृत वाट नाही. म्हणून त्या मुदतीत माझे तपासण्याचे प्राधान्य उलटे असते. रंग, मेनू आणि बटणे नंतर पाहता येतात. क्वचित लागणारी पण अडून राहणारी कामे आधी करून घ्यावीत. छपाई, स्कॅनिंग, डिजिटल स्वाक्षरी, दूरच्या संगणकाशी जोडणी, प्रोजेक्टर, आणि ठेवणीतल्या प्रतीवरून एखादी फाइल परत आणणे, ही सगळी कामे मी त्या काळात मुद्दाम केली.

त्यांतले स्कॅनिंग जमले नाही. माझा स्कॅनर यांत्रिकदृष्ट्या उत्तम आहे, त्याची काच स्वच्छ आहे, पण त्याच्या निर्मात्याने नव्या प्रणालीसाठी ड्रायव्हर काढलेला नाही आणि काढणारही नाही. यात बिघाड कशाला म्हणावे आणि बदल कशाला, हे ठरवणे कठीण आहे. मॅकवर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीने ३२-बिट प्रोग्रॅम चालवणे थांबवले, तेव्हाही असंख्य धडधाकट गोष्टी एका दिवसात याच अवस्थेला पोहोचल्या होत्या. स्कॅनरसाठी ड्रायव्हर पुरवणाऱ्या सेन या मुक्त प्रकल्पाने कितीतरी जुन्या स्कॅनरांना असेच वाचवले आहे, परंतु माझे मॉडेल त्यांच्या यादीत न चालणाऱ्यांच्या रकान्यात आहे. शेवटी जुनी प्रणाली एका आभासी संगणकात, म्हणजे लॅपटॉपच्या आत प्रोग्रॅमने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात, बसवली, स्कॅनरची यूएसबी जोडणी थेट तिच्याकडे वळवली आणि स्कॅन केलेली पाने एका सामाईक फोल्डरातून बाहेर घेते. सुरुवातीला स्कॅनर मध्येच तुटत होता. आभासी संगणकाला दिलेला यूएसबीचा प्रकार ३.० वरून २.० केल्यावर ते थांबले. त्या जुन्या प्रणालीला आता सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, त्यामुळे तिची इंटरनेट जोडणी काढून टाकली आहे.